नोकरीच्या शोधाची रोजकीर्द

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकले की घरी, दारी, बसथांब्यावर एकच प्रश्न सुरू होतो : "पुढे काय?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तरही एकच असते : "बँकेच्या परीक्षा देतोय." उत्तर सोपे आहे, विचारणाराचेही समाधान होते, पण त्यानंतरचे वर्ष-दीड वर्ष आपण नेमके काय करीत होतो याचा हिशेब मागितला तर तो देता येत नाही. या लेखासाठी मी गेल्या दोन वर्षांत आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या सात-आठ दादा-ताईंशी बोलले. नोकरी नाही याचे दुःख काहींना होतेच; पण आपण काही करतो आहोत की नुसते दिवस ढकलतो आहोत हेच कळेनासे झाल्याने आलेला थकवा त्याहून मोठा होता. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा आजार ओळखीचा वाटायला हवा. ज्या दुकानात हिशेब लिहिला जात नाही, तिथला मालक नफ्यातही घाबरलेला असतो.

माझी सूचना साधी आहे. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि नोकरीच्या शोधाची रोजकीर्द लिहावी. आपण वर्गात जिला जर्नल म्हणतो तिला आपल्या आजोबांच्या पिढीतले दुकानदार रोजकीर्द म्हणत. तिचे दोन नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात. व्यवहार झाला त्याच दिवशी लिहायचा, आणि झालेला व्यवहारच लिहायचा. "उद्या जाऊन येईन" ही नोंद होत नाही. "आपले इंग्रजी कच्चे, आपल्याला कोण घेणार" हीसुद्धा नोंद होत नाही. ती केवळ भीती आहे आणि भीतीला रोजकीर्दीत रकाना नसतो. रकाने पाच पुरेत : तारीख, कोठे गेलो किंवा कोणाला भेटलो, ही जागा किंवा हा माणूस कोणाकडून कळला, उत्तर काय मिळाले, पुन्हा केव्हा जायचे. आठवड्याच्या शेवटी बेरीज करायची ती होकारांची करू नये. होकार देणे दुसऱ्याच्या हातात असते. किती ठिकाणी विचारले एवढेच मोजावे, कारण तेवढेच आपल्या हातात आहे. कॉलेज चालू असताना आठवड्याला तीन विचारणा झाल्या तरी पुष्कळ झाल्या. परीक्षा आटोपल्यावर पाच-सहा करता येतात.

वहीची गरज का, हे सांगताना मला एका जुन्या अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गाव आहे. तेथील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तिघांनी तेथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. रस्त्याने चालणाऱ्या माणसांचा वेगही त्यांनी घड्याळ लावून मोजला. पुरुष संथ चालत आणि वाटेत थांबत थांबत जात. दिवसाला आकार उरला नाही म्हणजे माणसाची उमेदही सैल पडते, असा त्या पाहणीचा मला लागलेला अर्थ आहे. वडगाव-शहापूर भागात माग बंद पडलेली घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हे ऑस्ट्रियातून शिकायची गरज नाही. निकालाची वाट पाहत घरी बसलेल्या पदवीधराचा दिवसही असाच सैल होतो, आणि रोजच्या एका नोंदीचे बंधन त्याला थोडा ताण देते. चांगल्या अर्थाने.

आता बँकेच्या परीक्षांविषयी. त्या देऊ नयेत असे मी म्हणत नाही, मीही देणार आहे. सार्वजनिक बँकांतील लिपिक पदाची (२०२५ पासून त्याला ग्राहक सेवा सहयोगी असे नाव आहे) प्राथमिक परीक्षा शंभर प्रश्नांची आणि एका तासाची असते. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणजे येथे ज्ञानाइतकाच वेगाचा सराव लागतो, आणि रोज दोन तास मनापासून केलेला सराव दिवसभर पुस्तक उघडे ठेवून बसण्यापेक्षा बरा. या भरतीत उमेदवाराला एकाच राज्यातील जागांसाठी अर्ज करता येतो. त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यायला हवी. येथे सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडे दोन दारे आहेत आणि बहुतेकांना त्यातले एकच दिसते. मराठीच्या बळावर महाराष्ट्रातील जागा मागता येते. पण आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेत कन्नड हाही विषय आहे, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून. स्टेट बँकेच्या कनिष्ठ सहयोगी पदाच्या जाहिरातींत तर असे म्हटलेले असते की ज्या राज्यासाठी अर्ज केला तेथील भाषा दहावीला वा बारावीला शिकल्याची गुणपत्रिका दाखवली, तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. ज्या विषयाला आपण "पास झालो म्हणजे सुटलो" म्हणालो, त्याचा कागद असा उपयोगी पडतो. २०२१ साली केंद्र सरकारने लिपिक भरतीची परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांतूनही घेण्याची शिफारस केली. त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. कोणत्या राज्याच्या जागेसाठी प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत मिळते याचा तक्ता जाहिरातीतच असतो. जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी. सगळे महत्त्वाचे तिथे दडलेले असते.

मात्र परीक्षा हे आपल्या खातेवहीतले एक खाते आहे. सगळी वही त्या एका खात्याची करू नये, कारण अर्जापासून नेमणुकीपर्यंत कित्येक महिने जातात आणि त्या महिन्यांत दुसरे काहीच न करणाऱ्याला निकालाचा धक्का दुप्पट बसतो.

दुसरे खाते म्हणजे ओळखीचे. "वशिल्याशिवाय काही होत नाही" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ओळख म्हणजे वशिला असाच अर्थ झाला आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदार पुरुषांना एक प्रश्न विचारला : आताची नोकरी तुम्हाला कशी कळली? निम्म्याहून अधिकांनी, शेकडा ५६ जणांनी, ओळखीतून कळल्याचे सांगितले. पुढचा भाग खरा मनोरंजक आहे. ज्यांना ओळखीतून कळले, त्यांतील शेकडा १७ जणांनाच ती माहिती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. शेकडा ५६ जणांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि शेकडा २८ जणांना क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. १९७३ साली त्यांनी यावर लिहिलेला निबंध समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. तेथे पाहणी झाली ती वरच्या दर्जाच्या कामांतील पुरुषांची, आपली गोष्ट निराळी आहे हे मान्य. पण कारण मात्र येथेही लागू पडते. आपला मामा, काका, शेजारी, वर्गमित्र या सगळ्यांना ज्या चार जागा माहीत असतात, त्या आपल्यालाही माहीत असतात. एका गल्लीत एकच बातमी फिरते. नवी बातमी आणतो तो दुसऱ्या गल्लीतला, वर्षातून दोनदा भेटणारा माणूस.

आणि बेळगावात ही दुसरी गल्ली पुष्कळदा कन्नड असते. १९५६ पासून आपल्या घराघरांत ज्या विषयावर बोलले जाते, त्यावर माझे मत माझ्या घरच्यांपेक्षा वेगळे नाही. पण उद्यमबागेतल्या कारखान्याच्या फाटकावर "कामगार हवेत" ही पाटी कन्नडमध्ये लागली असेल, तर ती वाचता न येण्याने मराठीचे काय भले होते, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. कन्नड वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती आपण वाचत नाही. कन्नड विभागातले मित्र कोल्हापूर-पुण्याच्या मराठी जाहिराती वाचत नाहीत. ज्या ताईंशी मी बोलले, त्यांतील एकीला मालवाहतूक कचेरीतले काम तिच्या कन्नड वर्गमैत्रिणीच्या मावशीकडून कळले. आमच्या रोजकीर्दीचा तिसरा रकाना ("कोणाकडून कळले") महत्त्वाचा तो यासाठी. महिनाभराने तो वाचून पाहावा. त्यात सगळी आडनावे आपल्याच पैपाहुण्यांची असतील, तर शोध फिरतो आहे पण जागच्या जागी.

दूरच्या ओळखीकडे जाताना काय विचारावे यालाही महत्त्व आहे. "तुमच्याकडे जागा आहे का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर तयारच असते, आणि ते दिल्यावर समोरच्यालाही अवघडल्यासारखे होते. त्याऐवजी "तुमच्याकडे हिशेबाच्या कामाला नवीन मुलगा किंवा मुलगी घेताना काय येत असले पाहिजे असे पाहतात?" असे विचारावे. माहिती द्यायला माणसाला आवडते. निघताना "आणखी कोणाला भेटू?" हे विसरू नये, या एका प्रश्नाने वहीत दोन नवी नावे येतात. कन्नड बोलणाऱ्याकडे गेल्यास "केलस ऐतेन्री?" एवढ्यावर न थांबता चार वाक्ये तयार करून जावे. व्याकरण चुकेल. चुकू द्यावे. उत्तर कर्नाटकातले लोक चुकलेल्या कन्नडला हसत नाहीत, न बोललेल्या कन्नडची मात्र नोंद घेतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. नोकरीवरच्या लेखांत मला ती सहसा दिसत नाही. कर सल्लागाराच्या वा सनदी लेखापालाच्या कचेरीत काम शिकायला मिळावे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण आपण जातो केव्हा? कॉलेजला सुट्टी असेल तेव्हा. त्या कचेरीचा महिना निराळा असतो. सात तारखेपर्यंत मुळातून कापलेला कर भरायचा असतो, अकरा तारखेपर्यंत दरमहा विवरण देणाऱ्यांच्या विक्रीचे जीएसटी विवरण, वीस तारखेपर्यंत एकत्रित विवरण आणि कराचा भरणा. अठरा तारखेला दारात उभ्या राहिलेल्या मुलाकडे कोणी मान वर करून पाहत नाही, आणि तो बिचारा "आपल्याला हाकलले" असे समजून परत येतो. तोच मुलगा बावीस तारखेनंतर दुपारी चारच्या सुमारास गेला तर त्याला खुर्ची मिळते. वर्षाचेही असेच आहे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत विवरणपत्रे आणि लेखापरीक्षण यांची धांदल असते; शिकवायला तेव्हा कोणाला सवड नसते, पण नोंदी करायला हात हवे असतात. तेव्हा दोन महिन्यांचे तात्पुरते काम मागावे आणि आतून काम पाहून घ्यावे. रविवार पेठेतील घाऊक दुकानांत सकाळी माल उतरत असताना जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

तेथे काय येत असले पाहिजे, या प्रश्नाला मला जवळजवळ सगळीकडून एकच उत्तर मिळाले : टॅली येते का? "शिकलो आहे" हे उत्तर त्यांना पुरत नाही. समोर खरेदीचे बिल टाकतात आणि नोंद करायला सांगतात. येथे सीमाभागातल्या विद्यार्थ्याला एक फायदा आहे, तो ओळखून ठेवावा. कोल्हापूर आपल्यापासून सुमारे एकशे दहा किलोमीटर, बेंगळूर पाचशेच्या आसपास. तरीही कोल्हापूरहून आलेल्या मालाच्या बिलावर आंतरराज्य म्हणजे एकात्मिक कर लागतो, कारण ते दुसरे राज्य. आणि बेंगळूरहून आलेल्या मालावर केंद्राचा व राज्याचा असे दोन निम्मे-निम्मे कर लागतात. बेळगावच्या व्यापाऱ्याकडे दोन्ही प्रकारची बिले रोज येतात. शिकवणीच्या वर्गात उदाहरण म्हणून जे एकदा सांगितले जाते, ते येथल्या दुकानात दिवसाला वीस वेळा करायला मिळते. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराच्या जुन्या बिलांची एक थप्पी मागून घ्यावी आणि घरी पन्नास नोंदी करून पाहाव्यात. मुलाखतीच्या पुस्तकातील "तुमचे गुण व दोष सांगा" या प्रश्नाच्या पाठांतरापेक्षा त्याने अधिक धीर येतो. अर्जाविषयी मी फारसे लिहीत नाही : एक पान, खरी माहिती, चालू असलेला फोन क्रमांक. बस्स.

आता या सगळ्यातला अवघड भाग. शोध एकट्याने करावा की चौघांनी मिळून? आपल्याकडे जागा कळली की ती लपवण्याची पद्धत आहे. अर्ज भरल्याचेही मैत्रिणीला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणे. अमेरिकेतील नेथन ॲझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे नोकरी शोधणाऱ्यांचा एक क्लब चालवून पाहिला आणि त्याचा अहवाल १९७५ साली प्रसिद्ध केला. रोज ठरलेल्या वेळी जमायचे, जोडीजोडीने काम करायचे, एकमेकांचे अर्ज वाचायचे, फोन करताना शेजारी बसून ऐकायचे, कळलेली जागा सगळ्यांना सांगायची. दोन महिन्यांत क्लबातल्या शेकडा ९० जणांना काम मिळाले. तसाच शोध एकेकट्याने करणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ५५ होते. जागा सांगितल्याने आपली संधी कमी होते, हे एका जागेपुरते खरे आहे. पण चौघांनी प्रत्येकी तीन जागा आणल्या तर माझ्यासमोर तीनऐवजी बारा येतात, आणि त्या बाराही जागा आम्हा चौघांना सारख्याच जमणाऱ्या नसतात. एकीला खानापूरची शेवटची बस पकडायची असते, एकाला पुण्याला जायला घरून मुभा असते, एकाला कन्नड उत्तम येते, एकाला टॅली. शिवाय "नाही" ऐकून आल्यावर ते कोणाला तरी सांगता येते. घरी सांगितले की आई उपास धरते, मित्राला सांगितले की तो विचारतो, "किती तारखेला गेली होतीस?"

काम मिळाल्यावर हो म्हणण्यापूर्वी एक छोटे गणित मांडावे. समजा बारा हजार पगार सांगितला. भविष्यनिर्वाह निधी पूर्ण रकमेवर कापला तर शेकडा १२ प्रमाणे १,४४० रुपये आणि राज्य विमा योजनेचे शेकडा पाऊण प्रमाणे ९० रुपये वजा जाऊन हाती १०,४७० येतात. ही कपात म्हणजे तोटा समजू नये. निधीची रक्कम आपलीच असते आणि मालकालाही भर घालावी लागते. उलट "आमच्याकडे काहीच कापत नाही, पूर्ण बारा हजार हातात" असे सांगणाऱ्याला कारण विचारावे. मग जाण्यायेण्याचा खर्च. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना राज्याच्या साध्या बसमधून राज्यात तिकीट लागत नाही, त्यामुळे खानापूरहून बेळगावला येणाऱ्या मुलीचे आणि मुलाचे गणित सारखे राहत नाही. पुण्याचे पंधरा हजार आणि बेळगावचे दहा हजार यांची तुलना खोलीभाडे आणि खाणावळ वजा करूनच करावी. मुलींच्या बाबतीत घरचे "इतक्या लांब कशाला" म्हणतात, तेव्हा भावनेने वाद घालण्यापेक्षा हा कागद समोर ठेवावा. माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी त्याने बोलणे तरी सुरू झाले. आणि एक गोष्ट ठामपणे : नोकरी देण्यासाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा गणवेशाचे पैसे आधी मागणाऱ्याकडून उठून यावे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्याकडूनही. छायाप्रत द्यावी, मूळ प्रत दाखवून परत घ्यावी.

राहिला पाचवा रकाना, "पुन्हा केव्हा". नकार मिळाला तरी तो रिकामा ठेवू नये. लहान कचेऱ्यांत माणसे येतात-जातात. तीन महिन्यांपूर्वी नसलेली जागा आज असू शकते, आणि दुसऱ्यांदा आलेला चेहरा त्यांना आठवतो. ज्याने पत्ता दिला त्यालाही काय झाले ते कळवावे, होकार असो वा नकार. पुष्कळजण हे करीत नाहीत, आणि मग पुढच्या वेळी त्याच माणसाकडे जाताना पाय जड होतात.

आम्ही चौघे, दोन मराठी विभागातले आणि दोन कन्नड, दर शनिवारी दुपारी तीन वाजता ग्रंथालयाच्या मागच्या पडवीत बसतो. त्या आठवड्याची दोन्ही भाषांतील वर्तमानपत्रे ग्रंथपाल सरांच्या परवानगीने तेथे मिळतात. ज्याला यायचे असेल त्याने यावे. वही आणि पेन स्वतःचे आणावे.